हळद्याला हाक

"कॅमेरा गाडीत ठेवून येतो," असं म्हणून तो दाराकडे वळला, तेवढ्यात बायकोने हात पुढे केला.

"फोन देऊन जा. माझा चार्जिंगला लावलाय."

त्याने फोन दिला आणि पाय उचलला. आतल्या खोलीत अण्णा पलंगाच्या कडेवर बसले होते. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात, आणि उठायचं नाव नाही. आता पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर ही घाई. तो भराभरा जिने उतरला, डिकी उघडली, बॅग आत ठेवली, उगाच पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या बाजूला ठेवली. तरी वरच्या खिडकीतून आवाज आलाच.

"अहो, या ना. किती वेळ? ताट वाढलंय, गार होतंय सगळं."

आईचा आवाज. थोडा चिडका, थोडा लाडाचा. एकदा, मग परत, मग परत. त्याने डिकी जरा जोरातच बंद केली.

थोड्या वेळाने अण्णा त्याच्या बायकोचा हात धरून खाली आले. दोन्ही पायांत मोजे, बूट, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. गाडी दिसल्यावर मात्र त्यांना कुणाच्या हाताची गरज उरली नाही. स्वतः दार उघडून ते चालकाशेजारच्या सीटवर बसले, पट्टा ओढून लावला आणि समोरच्या काचेकडे बघून म्हणाले, "चला. कोण आहे आज चालवायला?"

"मीच, अण्णा."

"आरसा बघून घे आधी."

अण्णांचं सगळं आयुष्य त्या शेजारच्या सीटवर गेलं होतं. गावातले निम्मे लोक त्यांच्याकडे गाडी शिकले. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, आणि तो नेमका कधी दाबायचा हे शहाणपण त्यांच्या उजव्या पायात होतं. आता त्यांना मुलाचं नाव आठवायला वेळ लागे, पण गाडी जरा पळायला लागली की तो पाय खालच्या रबरी चटईवर बरोबर दाबला जायचा.

बायको गाडीच्या खिडकीशी वाकली. फोन परत देत म्हणाली, "दुपारपर्यंत आलात तरी चालेल."

"एवढा वेळ त्यांना जमेल का?"

"मला जमतं की रोज," ती म्हणाली. रागाने नाही, साधंच. ते जास्त लागलं.

गेल्या रविवारी ते बोलणं झालं होतं. तो नेहमीप्रमाणे पहाटे कॅमेरा पुसत बसला होता आणि ती चहाचा कप ठेवून म्हणाली होती, "पुढच्या वेळी अण्णांना घेऊन जा." त्याने लगेच कारणं काढली. त्यांना ऊन लागेल, त्यांना कंटाळा येईल, पक्षी उडतील. तिने सगळं ऐकून घेतलं होतं. "मला एकदा घरात एकटीला बसायचंय," ती म्हणाली होती. "काही करायचं नाहीये. नुसतं बसायचंय." तेव्हा कुठे तो हो म्हणाला होता.

तो दवाखान्यात एक्स-रे काढतो. पण पेशंट त्याला फोटोवाले म्हणतात. 'फोटोवाले कुठे बसतात हो?' असं विचारत लंगडत येतात. हात असा ठेवा, हलू नका, श्वास घ्या, रोखा, एवढं सांगून त्याने जाड भिंतीमागे जायचं, बटण दाबायचं आणि 'सोडा' म्हणायचं. पेशंट काकुळतीला येऊन विचारतो, 'मोडलंय का?' तर म्हणायचं, 'ते डॉक्टर सांगतील.' त्याला दिसलेलं असतं सगळं. पण आपलं काम फोटो काढायचं, पुढचं बघायला दुसरे आहेत, हे त्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला फार सोयीचं पडलं होतं.

पक्ष्यांचं वेड लावलं ते दवाखान्यातल्या औषधवाल्याने. एका रविवारी त्याच्याबरोबर गेला, भाड्याच्या कॅमेऱ्यातून एका खंड्याचा डोळा चकाकताना पाहिला आणि कामातून गेला. तेव्हापासून रविवार सकाळ म्हणजे तो, गाडी आणि लांब नळकांड्यासारखी लेन्स. घरी अण्णा आणि बायको. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं बघणाऱ्या माणसाला एवढं तरी नको का, असं तो स्वतःला विचारायचा. स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काय, आपल्याला हवं तेच येतं.

गावाबाहेरचा रस्ता लागला तशी गाडी त्याने हळू केली. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती, मधूनच पाणी साचलेलं, त्यात बगळे आपापल्या सावलीवर उभे. उन्हाला अजून धार नव्हती. अण्णांनी काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं. शिकवणीच्या दिवसांत असंच बसायचे.

"हळू घेतोयस, छान," ते म्हणाले. "पोरं उगाच पळवतात. रस्ता कुठे पळून चाललाय का?"

कालव्यापाशी तारेवर खंड्या दिसला. त्याने गाडी कडेला घेतली, खिडकीवर कापडी उशी ठेवून त्यावर लेन्स टेकवली. अण्णा हलतील, बोलतील, असं त्याला वाटत होतं. पण अण्णा चक्क श्वास रोखून बसले. चार-सहा फोटो झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कुणाचा काढलास?"

"खंड्याचा. तो बघा, तारेवर."

"त्याला सांगितलंस का?"

"कुणाला?"

"त्यालाच. फोटो काढायच्या आधी माणसाला सांगावं. लायसनच्या फोटोला मी पोरांना सांगायचो, कॉलर नीट करा, केसांवरून हात फिरवा. जन्मभर तो चेहरा खिशात बाळगायचा असतो."

त्याला हसू आलं. अण्णाही हसले. विनोद कळून की नुसते त्याला बघून, कोण जाणे. पुढच्या वळणावर कोतवाल पक्षी दिसला, मग एका बांधावर चिखलातली पाखरं, आणि दरवेळी अण्णा विचारत, "ह्याला सांगितलंस?" आणि तो म्हणे, "सांगितलं, अण्णा." गंमत वाढत गेली. इतक्या रविवारांत आपण ह्यांना एकदाही आणलं नाही. पक्षी उडतील म्हणे! एकही उडाला नव्हता.

तळ्याकाठी चिंचोळ्या कच्च्या रस्त्यावर, एका डेरेदार झाडाखाली त्याने गाडी उभी केली. इथे येण्याचं कारण हळद्या. तीन हंगाम तो ह्या पक्ष्याच्या मागे होता. पिवळाधमक, डोळ्यावरून काळी रेघ ओढलेला, आणि कमालीचा लाजाळू. झाडाच्या गर्दीत बसून गोल, ओली शीळ घालत राहतो, पण समोर येईल तर शपथ. औषधवाल्याकडे हळद्याचा सुंदर फोटो होता आणि तो दोन दिवस झाडाखाली बसून मिळवलेला होता. ह्याच्याकडे दोन दिवस नव्हते. ह्याच्याकडे फोनमध्ये भरलेली हळद्याची शीळ होती आणि मुठीएवढा एक स्पीकर.

ही गोष्ट औषधवाल्याला ठाऊक नव्हती. त्यांच्या मंडळींत असं करणं वाईट समजतात. पाखराला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी आलं, किंवा आपलं कुणी बोलावतंय. खाणंपिणं सोडून ते शोधत फिरतं, पिल्लं असली तर ती तशीच राहतात. औषधवाला एकदा भर कॅंटीनमध्ये म्हणाला होता, "ही फसवणूक आहे. पाखराला काय, तक्रार करता येत नाही." ह्याने मान डोलावली होती, आणि त्याच महिन्यात असाच बोलावलेल्या एका दयाळ पक्ष्याचा फोटो सगळ्यांना दाखवून खाली लिहिलं होतं, 'नशिबाने समोर आला.'

"अण्णा, तुम्ही इथेच बसा. मी ह्या झुडपामागेच आहे. आलोच."

"हॅंडब्रेक ओढलास?"

"ओढला."

"गिअरमध्ये ठेव. उतार आहे."

त्याने गाडी गिअरमध्ये ठेवली, किल्ली खिशात घातली, दोन्हीकडच्या काचा पूर्ण खाली केल्या. मागच्या सीटवर बसवलं असतं तर लहान मुलांसाठीचं कुलूप लावता आलं असतं, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण मास्तर मागे बसत नाहीत. आणि आज अण्णा किती शहाण्यासारखे वागत होते.

पाण्याच्या कडेला एक बुटकं झाड होतं, त्याच्या आतल्या फांदीला त्याने स्पीकर अडकवला. वारा सुटला होता म्हणून आवाज पूर्ण वाढवला. मग मागे येऊन झुडपाआड बसला, अंगावर हिरवट कापड ओढलं, लेन्स झाडावर रोखली आणि फोनवर बोट ठेवलं.

शीळ तळ्यावरून घुमली. समोरच्या राईतून लगेच उत्तर आलं. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर, आता जवळून. पिवळी रेघ एका झाडातून निघून दुसऱ्यात शिरली. मग हळद्या खरोखर आला. बुटक्या झाडाच्या अगदी बाहेरच्या, उघड्या फांदीवर, सगळं ऊन अंगावर घेऊन. मान इकडे वळव, तिकडे वळव. खाली वाकून पानांत बघ. पंख अर्धवट उघडून पुन्हा मिटले. त्याच्या बोटाखाली कॅमेरा खटखटत राहिला. असा फोटो त्याला जन्मात मिळाला नव्हता.

शिळेचा तुकडा संपला.

फोनने आता गप्प बसायला हवं होतं. पण फोन एक संपलं की त्याच्या शेजारचं लावतो, आणि शेजारी काय होतं, तर सकाळी बायकोने लावलेलं. एकदा वाजून अण्णा उठत नाहीत म्हणून ते परत परत वाजेल असंच तिने करून ठेवलेलं होतं.

"अहो, या ना," झाडातून आई म्हणाली. "किती वेळ? ताट वाढलंय, गार होतंय सगळं."

हळद्या भुर्रकन उडाला. तो मात्र होता तिथेच गोठला.

हा निरोप आईने कधीतरी चुकून त्याच्या फोनवर पाठवला होता. तिचे गुडघे गेल्यापासून ती जिना उतरत नसे. अण्णा खाली शिकवणीच्या ऑफिसात, ती वर. टाइप करणं तिला जमत नसे, म्हणून ती फोनवर बोलून निरोप पाठवायची, रोज जवळजवळ हाच. एकदा तो त्याला आला आणि तो एक्स-रेच्या खोलीत एकटाच हसला होता. ती गेल्यावर वर्षभरात अण्णा विसरायला लागले. ती गेली हे त्यांना एकदा सांगून पाहिलं, तर त्यांना ते पहिल्यांदाच कळलं. रात्रभर रडले. सकाळी विसरले आणि पुन्हा तिला हाका मारू लागले. त्यानंतर कुणी सांगितलं नाही. मग त्यांनी जेवण सोडलं. आणि तेव्हा ह्याला तो निरोप आठवला होता.

केवढं कौतुक झालं! अण्णा ताडकन उठून टेबलाशी आले आणि जेवले. लांबच्या गावी असलेली ताई फोनवर रडत म्हणाली, "काय डोकं चालवलंस रे!" आईचा तो आवाज त्याला मात्र ऐकवेना. त्या दिवशी तो गॅलरीत जाऊन उभा राहिला होता. पुढच्या वेळीही गेला. नंतर तीच पद्धत पडली. युक्ती त्याची, पण आवाज लावायचा बायकोने. ती एक-दोनदा म्हणाली होती, "एकदा समोर बसून बघा ना, काय होतं ते." तो म्हणाला होता, "जेवतात ना? मग झालं तर."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

लेन्स त्याच बुटक्या झाडावर रोखलेली होती आणि त्याचा डोळा अजून कॅमेऱ्यालाच होता. त्या चौकटीत डावीकडून अण्णा आले. घाईघाईत, जवळजवळ पळत. चालता चालता त्यांनी कॉलर नीट केली. केसांवरून हात फिरवला. आणि चेहरा असा उजळलेला, की हे आपले अण्णा हे समजायला त्याला एक क्षण लागला. इतका आनंद त्याने त्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"आलो, आलो," अण्णा म्हणाले. "आरडू नकोस. आलो ना."

"किती वेळ?" झाड म्हणालं.

अण्णांनी फांदी बाजूला केली. आत पाहिलं. झाडाला वळसा घालून पलीकडे गेले, तिथे पाहिलं. परत ह्या बाजूला आले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. खाली वाकून पानांत बघितलं. पाय चिखलात रुतत होते तिकडे लक्ष नव्हतं. "अगं?" ते म्हणाले. मग जरा हळू, "अगं, कुठे आहेस?" आणि चेहऱ्यावरचं ते सगळं खाली उतरत गेलं.

फोन त्याच्या डाव्या हाताशी होता. एक बोट लावायचं होतं फक्त. पण त्याचं उजवं बोट कॅमेऱ्यावर होतं आणि ते चालू होतं. खटखट, खटखट. हा आवाज आपल्याच कॅमेऱ्याचा आहे हे जेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा अण्णा घोटाभर पाण्यात उभे होते.

त्याने फोन बंद केला आणि अंगावरच्या कापडासकट धावला.

"अण्णा! अण्णा, इकडे या. पाणी आहे."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. एक बूट चिखलात राहिला होता. "तुझी आई होती इथे," ते म्हणाले. "आत्ता बोलली. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"जेवायला बोलावते आणि स्वतः कुठे दिसत नाही. रोजचं झालंय हे. रोज बोलावते, मी उठून जातो, तर ही नाही." त्यांनी त्याचा दंड धरला. "माझ्यावर रागावली आहे का रे ती?"

त्याला वाटत होतं, अण्णा विसरतात. जेवायला बसले की विसरत असतील. सगळंच विसरतात तर हेही विसरत असतील. नाव विसरले, घराचा जिना विसरले, ती गेलेली विसरले. एवढंच नेमकं त्यांच्यात साठत राहिलं होतं, आणि ते साठवण्याची युक्ती त्याने स्वतः काढून दिली होती.

"नाही अण्णा," तो म्हणाला. "ती नाही रागावली. चूक माझी आहे. मी वाजवत होतो ते."

"तू?" अण्णांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काहीतरी बोलू नकोस. तुझा आवाज असा कुठे आहे?"

त्याने चिखलातून बूट उपसून काढला. अण्णांना गाडीत बसवून त्यांचे मोजे उतरवले, ते हिरवट कापड फाडून त्याने त्यांचे पाय पुसले, बोटांच्या मधला चिखलसुद्धा. अण्णा निमूट पाय पुढे करून बसले होते. मग तो जाऊन फांदीवरचा स्पीकर काढून आला. राईत हळद्या अजून शीळ घालत होता. थांबायचा, उत्तराची वाट बघायचा, पुन्हा घालायचा.

परतीच्या रस्त्यावर कालव्यावरचा खंड्या तिथेच होता. त्याने गाडी थांबवली नाही. उलट जरा जास्तच पळवली. पण अण्णांचा पाय एकदाही चटईवर दाबला गेला नाही.

बायकोने दार उघडलं. केस धुऊन मोकळे सोडलेले, हातात पालथं धरलेलं मासिक. खिडकीशी खुर्ची ओढलेली होती आणि दुसऱ्या खुर्चीवर पाय टेकवायला उशी. "इतक्यात आलात?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तिने केस बांधायला घेतले. अनवाणी अण्णांना आणि हातात त्यांचे बूट घेऊन दारात उभं राहणंसुद्धा त्याला शरमेचं वाटलं. तिने मागितलेली एक सकाळ, तीही पुरती दिली नव्हती त्याने.

अण्णांना कपडे बदलून, पांघरूण घालून पलंगावर बसवल्यावर ती स्वयंपाकघरात आली. "काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. शीळ, स्पीकर, झाड. अडखळत एकदाचं तेही सांगितलं, "ते पाण्यात शिरत होते आणि मी फोटो काढत होतो."

ओट्यावरचा कॅमेरा तिने हातात घेतला आणि मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवत गेली. हळद्या, हळद्या, हळद्या. रिकामी फांदी. मग अण्णा, कॉलरला हात लावलेले.

"हा," ती म्हणाली. "तुम्ही गॅलरीत जाता ना, तेव्हा हा चेहरा असतो." तिने आणखी काही फोटो सरकवले आणि थांबली. "आणि मग हा. मग मी त्यांना धरून टेबलाशी नेते."

"रोज?"

"जेवताना. अंघोळीला. आज सकाळी मोज्यासाठी."

"मग थांबवलं का नाहीस?"

"थांबवून काय करू? उपाशी ठेवू?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही काढलेली युक्ती. ताईंनी वाखाणलेली. आवाज तुमच्या आईचा, वडील तुमचे. मी कोण बंद करणारी? बघा म्हटलं होतं ना एकदा. दोनदा म्हटलं होतं." आणि मग, कॅमेरा खाली ठेवत, "मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे. माहीत आहे म्हणून तर गॅलरीत जाता."

ते खरं होतं. काय दिसेल हे माहीत असल्याशिवाय माणूस इतक्या शिस्तीने भिंतीमागे जात नाही.

त्याने फोन काढला. तो निरोप पुसून टाकायला बोट नेलं आणि ते तिथेच थांबलं. आईचा आवाज जगात तेवढाच उरला होता. "पुसू नका," बायको म्हणाली. "फक्त लावू नका."

जेवणाची वेळ झाली. तिने ताटं मांडली. तो अण्णांच्या खोलीत गेला. "अण्णा, चला जेवायला."

अण्णांनी मान हलवली. "अजून हाक नाही आली."

"मी मारतोय ना हाक."

"तू मारून काय उपयोग?"

तो त्यांच्याशेजारी पलंगावर बसला. बाहेर वाढलेलं जेवण होतं, स्वयंपाकघरात बायको भांड्याला भांडं न लावता उभी होती, आणि अण्णा कान देऊन बसले होते. फोन त्याच्या खिशात होता. एक बोट लावलं असतं तर अण्णा उठले असते, तोच उजळलेला चेहरा घेऊन. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. बराच वेळ गेला. अण्णांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तू जेवलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"तुमच्यासाठी थांबलोय."

अण्णांना हे काही पटलं नाही. पोराने उपाशी बसावं म्हणजे काय! त्यांनी पांघरूण बाजूला केलं, त्याच्या खांद्यावर हात टेकून उठले आणि शर्टाची कॉलर नीट केली. टेबलाशी आल्यावर त्यांनी आधी आपल्या बाजूची रिकामी खुर्ची मागे ओढून ठेवली, मग स्वतः बसले.

"तू सुरू कर," ते त्याला म्हणाले. "ती बसेल मागून."

त्याने घास घेतला. जेवण पार गार झालं होतं. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले, गाडी शिकणाऱ्या पोराकडे बघावं तसे, आणि त्याने तीन-चार घास नीट खाल्ल्यावर त्यांनीही आपल्या ताटाला हात लावला.

बायको आपलं ताट घेऊन आली. ओढून ठेवलेल्या खुर्चीपाशी ती थांबली. मग आत जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली आणि त्यावर बसून जेवू लागली.